किडकिडीत मुलांनी उभे केलेले आखाडे

मूल किडकिडीत आहे, पावसाळा लागला की सर्दी-खोकल्याने आडवे पडते, शाळेत कुणी ढकलले तर रडत घरी येते. अशा मुलाच्या आई-वडिलांना नगरमध्ये हमखास एक सल्ला मिळतो : ‘कराटेला घाला.’ अहिल्यानगर शहरात सावेडीपासून भिंगार-केडगावपर्यंत आणि तालुक्याच्या गावांतही संध्याकाळी शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या गच्चीवर किंवा लग्नसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पांढऱ्या पोशाखातली मुले रांगेत उभी दिसतात. समोरच्या सरांचा किंवा मॅडमचा काळा पट्टा, त्यांची चपळाई पाहून पालकांना वाटते, ही माणसे जन्मतःच दणकट असणार.

ज्यांनी या कला आजच्या रूपात आणल्या, त्यांची चरित्रे मात्र वेगळेच सांगतात. कराटे आणि ज्युदो या दोन्ही कलांचे आद्य शिक्षक लहानपणी अशक्त होते. लढायची हौस म्हणून नव्हे, तर तब्येत सुधारावी, मार खायची वेळ येऊ नये म्हणून ते या वाटेला लागले. शिक्षक या कलेकडे कशासाठी आला आणि तो पुढे काय शिकवतो, याचा मुलांच्या शरीरावर आणि मनावर परिणाम होतो. म्हणून क्लासची फी विचारण्याआधी ही गोष्ट समजून घेणे उपयोगाचे आहे.

व्हायचे होते डॉक्टर

आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांचा जन्म १८६८ मध्ये जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर शुरी गावात झाला. ते अपुऱ्या दिवसांचे जन्मले. हे मूल फार जगणार नाही, असे घरच्यांना वाटत होते. आजोळी त्यांना जपून वाढवले गेले. शाळेत त्यांची मैत्री झाली ती आझातो नावाच्या कराटेगुरूंच्या मुलाशी. त्या काळी ओकिनावात ही कला उघडपणे शिकवली जात नसे. त्यामुळे हा अशक्त मुलगा रात्री कंदिलाच्या उजेडात गुरूंच्या घरी चालत जाई आणि अंगणात सराव करी. एकाच ‘काता’वर, म्हणजे ठरावीक हालचालींच्या क्रमावर, वर्षानुवर्षे घालवावी लागत. काही वर्षांत आपली तब्येत पार बदलली, असे फुनाकोशींनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

त्यांना वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते. पण त्या वेळच्या नियमानुसार डोक्यावर पारंपरिक शेंडी-गाठ असलेल्या विद्यार्थ्याला वैद्यकीय शाळेत प्रवेश नव्हता आणि ती कापायला घरच्यांची तयारी नव्हती. शेवटी ते प्राथमिक शिक्षक झाले आणि सुमारे तीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून ही कला जपानभर व पुढे जगभर गेली. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. १९५७ मध्ये, ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे दुसरे गुरू अंको इतोसु यांनी त्याआधीच, १९०१ मध्ये, ओकिनावाच्या प्राथमिक शाळेत कराटे नेले होते. अंधारात शिकवली जाणारी कला शाळेच्या मैदानावर आली ती शारीरिक शिक्षण म्हणून. मुलांना पेलवतील असे सोपे काता बसवणे, सगळ्यांनी एका सुरात मोजत हालचाली करणे, ही आज नगरच्या मैदानावर दिसणारी पद्धत त्या शाळांतून आली आहे.

अर्थात, एका माणसाची तब्येत सुधारली म्हणजे तो पुरावा झाला, असे विज्ञान मानत नाही. लहानपणी अशक्त असलेली अनेक मुले वाढत्या वयात आपोआपच धडधाकट होतात. आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांची आत्मचरित्रे लिहिली जात नाहीत. फुनाकोशींच्या आयुष्यातून प्रश्न मिळतो, त्याचे उत्तर पुढच्या अभ्यासांत शोधावे लागते.

हाडवैद्याच्या दारात

ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांची सुरुवात तर मार खाण्यापासून झाली. १८६० मध्ये जन्मलेले कानो अभ्यासात हुशार, पण चणीने लहान. शाळेतली दांडगी मुले त्यांना त्रास देत. जुजुत्सू शिकले तर ताकदवानालाही पाडता येते, असे त्यांनी ऐकले होते. पण त्या काळात जपानमध्ये ही विद्या मागे पडली होती आणि शिक्षक सापडेनात. तेव्हा कानोंनी एक युक्ती केली. त्यांनी हाडवैद्य शोधायला सुरुवात केली. जुजुत्सूचे अनेक जुने जाणकार पोटासाठी निखळलेले सांधे बसवण्याचे काम करत होते. अशाच एका हाडवैद्याने त्यांना १८७७ मध्ये पहिल्या गुरूंपर्यंत पोहोचवले. ते गुरू, फुकुदा, हेही हाडवैद्यच होते. पुढे १८८२ मध्ये कानोंनी ‘कोदोकान’ ही संस्था काढली, धोकादायक डाव वगळले आणि पडायचे कसे हे आधी शिकवले. काळ्या पट्ट्याची पद्धतही त्यांचीच. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातील पहिले सदस्य झाले.

आखाडा आणि हाडवैद्य ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही. गावोगावच्या तालमीत वस्ताद डाव शिकवत आणि उतरलेला खांदाही बसवत. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रा. माणिकराव हे त्यातले सर्वांत मोठे नाव. गुरू जुम्मादादांकडून घेतलेली विद्या त्यांनी असंख्य तरुणांना दिली आणि मोडलेली हाडे बसवण्यासाठीही त्यांची ख्याती होती. त्यांच्याकडे शिकलेल्यांत जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण होता. हेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरण व दाबमापक यंत्रांनी तपासले. अनुभवावर विसंबण्यापेक्षा मोजून पाहावे, ही दृष्टी असलेला हा माणूसही आखाड्यातूनच आला होता. अमरावतीला १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके नेली.

नगरची वाट

अहिल्यानगर जिल्ह्याला कुस्तीचे वेड जुने आहे. शिर्डीच्या साईबाबांनाही कुस्तीची आवड होती आणि मोहिद्दीन तांबोळीबरोबरच्या लढतीत हरल्यावर त्यांनी पैलवानी वेष सोडून कफनी धारण केली, अशी कथा ‘साईसच्चरिता’त येते. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली आणि पृथ्वीराज मोहोळ यांनी गदा पटकावली. शिवाय हे लष्कराचे गाव. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे असल्याने पहाटेची धाव, कवायत आणि भरतीची तयारी हे तरुणांच्या रोजच्या आयुष्याचा भाग आहे.

अशा ठिकाणी कराटे-तायक्वांदोच्या शिक्षकाकडे येणाऱ्या वाटाही अनेक असतात. कुणाच्या घरात तालीम असते. कुणाला ब्रूस लीच्या १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’ने झपाटलेले असते. कुणी भरतीसाठी अंग कमावताना इकडे वळतो, कुणी शालेय स्पर्धेतून. कुणी दम्याच्या त्रासामुळे, तर कुणी रस्त्यावरच्या छेडछाडीला वैतागून. आजच्या मुलांच्या पालकांचे हिशेब आणखी वेगळे असतात : दहावी-बारावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, प्रमाणपत्र. यातले कोणतेच कारण कमी दर्जाचे नाही. पण पट्टा मिळवणे हाच हेतू झाला, की शरीर घडवण्याचे काम मागे पडते.

शरीरात काय बदलते

५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळचा क्लास हे सगळे गणित पुरे करत नाही, पण दुसरा भाग बराचसा भागवतो. उड्या, बैठका, पायावर अचानक येणारा भार यांमुळे हाडांना घट्ट होण्याचा संदेश मिळतो. हाडांची बहुतांश घनता विशीच्या आत कमावली जाते आणि पन्नाशी-साठीनंतर त्याच शिलकीवर दिवस काढावे लागतात. मुलींसाठी हे अधिक महत्त्वाचे, कारण पाळी थांबल्यावर हाडे वेगाने ठिसूळ होतात.

दुसरा लाभ तोलाचा. एका पायावर उभे राहून लाथ मारताना डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांतले संवेदक असे तिघे मिळून मेंदूला शरीराची जागा कळवत असतात. या यंत्रणेला सरावाने धार येते. ज्युदोत पडताना हात जमिनीवर आपटतात, पाठ गोल करतात, हनुवटी छातीला लावतात. त्यामुळे धक्का एका जागी न बसता पसरतो आणि डोके वाचते. ही एक सवय मुलाला पुढे सायकलवरून पडतानाही उपयोगी पडू शकते. ठोसा मारताना ओरडण्यामागेही कारण आहे. त्या क्षणी श्वास बाहेर पडतो, पोटाचे स्नायू आवळले जातात आणि श्वास कोंडून धरण्याची चूक टळते.

मात्र ‘कराटेने आजार पळतो’ असे कुणी सांगत असेल तर सावध राहावे. सतत थकणाऱ्या मुलाला शिस्तीची नव्हे, कदाचित लोहाची गरज असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा मुलीला धाप लागते, चक्कर येते आणि क्लासमध्ये ती ‘आळशी’ ठरते. क्लास लावण्याआधी हिमोग्लोबिन तपासणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय. दमा असलेल्या मुलांनी व्यायाम टाळायची गरज नसते. आजार नियंत्रणात हवा, सुरुवात हळूहळू हवी आणि डॉक्टरांनी दिलेला इनहेलर पिशवीत हवा.

थांबवलेला ठोसा

पारंपरिक कराटेत ठोसा पूर्ण वेगाने जातो आणि समोरच्याला लागायच्या आत थांबतो. मेंदूच्या दृष्टीने मारण्यापेक्षा हे थांबवणे अवघड. आवेग रोखणे, क्रम लक्षात ठेवणे, सूचना बदलली की लगेच जुळवून घेणे ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामे आहेत. अभ्यासात आणि वागण्यात हीच कौशल्ये लागतात.

अमेरिकेत लेक्स आणि हॉइट या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका शाळेतील बालवाडी ते पाचवीच्या मुलांचे दोन गट केले. एकाला नेहमीचा पीटीचा तास, दुसऱ्याला तायक्वांदो. तायक्वांदोच्या मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवले होते : मी कुठे आहे? मी काय करतो आहे? मी काय करायला हवे? सुमारे तीन महिन्यांनी या गटातील मुलांचे स्वतःवरील नियंत्रण, वर्गातले वागणे आणि तोंडी गणित अधिक सुधारलेले दिसले. मुलग्यांमध्ये फरक जास्त होता.

पण त्याआधीच्या, १९८६ च्या ट्रल्सन यांच्या अभ्यासाने एक इशारा दिला होता. गुन्हेगारीकडे झुकलेल्या ३४ किशोरवयीन मुलांपैकी एका गटाला आदर, संयम, ध्यान यांसह पारंपरिक तायक्वांदो शिकवले. दुसऱ्या गटाला फक्त लढण्याचे तंत्र. तिसऱ्याने नुसते खेळ आणि धावणे केले. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याची वाढली. अभ्यास लहान होता, त्यावरून मोठे दावे करता येणार नाहीत. तरीही दिशा स्पष्ट आहे. लाथ तीच, ठोसा तोच. फरक पडतो तो शिकवणाऱ्याच्या हेतूने.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, हे साऱ्या जगाने पाहिले. पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्यावर बसली आणि तो बेशुद्ध पडला. पंचांनी ताबा न राखल्याबद्दल हमेदीला बाद केले आणि सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला मिळाले. अनेकांना हा निर्णय चमत्कारिक वाटला, पण तो या कलेच्या नियमाला धरूनच होता.

मुलींना काय शिकवायचे

जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर झालेला अत्याचार आणि तिची हत्या हा जिल्हा विसरलेला नाही. मुलींनी शाळेला जायचे कसे, हा प्रश्न त्यानंतर घराघरांत विचारला गेला आणि ‘मुलींना कराटे शिकवा’ हे उत्तरही वारंवार दिले गेले. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतील मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मरक्षा प्रशिक्षणही आहे.

मुलीवर झालेल्या अत्याचाराचा दोष ती लढली की नाही यावर ठरत नाही, हे आधी स्पष्ट असायला हवे. प्रशिक्षणाचा उपयोग मात्र होऊ शकतो. कॅनडातील तीन विद्यापीठांत सुमारे ९०० विद्यार्थिनींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलींपैकी वर्षभरात ५.२ टक्क्यांवर बलात्कार झाला. फक्त माहितीपत्रके मिळालेल्या गटात हे प्रमाण ९.८ टक्के होते. त्या १२ तासांत डाव-पेच हा एक भाग होता. बाकीचा वेळ धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला ठाम नकार देताना वाटणारा संकोच मोडणे आणि मोठ्याने बोलणे यासाठी होता. आपल्याकडेही बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात. अंधारातल्या अनोळखी माणसाला लाथ मारण्याचा सराव करून घेणारा, पण ‘काका असले तरी नाही म्हण’ हे न शिकवणारा वर्ग म्हणूनच अपुरा आहे.

डोके आणि वजनकाटा

मुक्या मारापेक्षा जास्त भीती डोक्याच्या माराची. मेंदूला हादरा बसण्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. मार लागल्यावर डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे, उजेड सहन न होणे, झोपेत बदल ही लक्षणे दिसली तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर जायचे नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सराव सुरू करायचा नाही. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, शुद्ध हरपणे असे काही झाले तर थेट रुग्णालय गाठावे. हेल्मेटने कवटी व चेहऱ्याचे रक्षण होते, आतल्या हादऱ्याची हमी ते देत नाही.

दुसरा धोका वजनगटाचा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने विनेश फोगट बाद झाली आणि रात्रभर वजन उतरवण्याचे हाल सगळ्यांना कळले. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल असे वजन उतरवताना दगावले होते. वाढीच्या वयातल्या मुलाला स्पर्धेसाठी उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, उन्हात जर्किन घालून पळवणे हे कोणत्याही शिक्षकाने सांगू नये आणि कोणत्याही पालकाने ऐकू नये.

क्लास लावताना

प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ बाजूला बसून क्लास पाहावा. जो शिक्षक पालकांना बसू देत नाही, तिथे मूल ठेवू नये. जमिनीकडे बघावे : शहाबादी फरशीवर पडण्याचा सराव चालला असेल तर मॅट विचारावी. नवख्या मुलांना पहिल्या महिन्यात पडायला शिकवतात की लढायला उभे करतात, हे पाहावे. पाणी प्यायला मधे सोडतात का, मार लागलेल्या मुलाला बाजूला बसवतात की ‘काही होत नाही’ म्हणून परत ढकलतात, यावरून शिक्षकाची पारख होते. मुलींच्या वर्गात शिक्षिका किंवा दुसरी जबाबदार स्त्री हजर असावी. डाव शिकवताना स्पर्श करण्याआधी सांगितले जाते का, तेही बघावे. मुलाने किंवा मुलीने काही वावगे सांगितले तर ते आधी खरे मानावे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पट्ट्याच्या परीक्षा किती आणि फी किती, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानी भाषेत ‘शोदान’ म्हणतात आणि त्याचा अर्थ सुरुवातीची पायरी असा आहे. वर्षा-दीड वर्षात ‘पूर्ण तयार’ करण्याची हमी देणाऱ्यापेक्षा पायाचा घोटा कसा ठेवायचा हे दहाव्यांदा समजावणारा शिक्षक बरा.

आणि एक प्रश्न शिक्षकालाच विचारावा : ‘सर, तुम्ही या क्षेत्रात कसे आलात?’ उत्तरात फक्त पदके आणि पाडलेली माणसे असतील तर थोडे थांबून विचार करावा. ‘लहानपणी मीही असाच होतो, तुमच्या मुलासारखा’ असे कुणी सांगितले, तर अशक्त मुलाला किती ताणायचे आणि कुठे थांबायचे, हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता जास्त.